मिटकरींच्या घरी उतरलेला आवाज

व्हिक्टोरिया धबधब्याच्या सहलीचं बुकिंग केलं, की प्रवासाआधी काही आठवडे त्या धबधब्याचा आवाज प्रवाशाच्या घरी राहायला येतो. सावरगीच्या मन्मथ मिटकरींकडे तो मंगळवारी भर दुपारी टेम्पोतून आला.

नियम सगळ्यांनाच लागू आहे, मिटकरींसाठी मुद्दाम काही केलेलं नव्हतं. लातूरच्या सहल कंपनीतल्या रेवती डोईजोडे यांनी बुकिंगच्या दिवशीच त्यांना सगळं समजावून सांगितलं होतं.

"काका, तिथला आवाज फार मोठा असतो. एकदम कानावर आला तर माणूस बावरतो. काही बघत नाही, हॉटेलवर परत चला म्हणतो. म्हणून आधी ओळख करून द्यायची. एका माणसाच्या वाट्याला येतो तेवढाच पाठवतात. पाहुण्यासारखा घरी ठेवायचा, जाताना आपणच सोबत न्यायचा आणि तिथं परत करायचा."

"त्याचं खाणंपिणं?" मिटकरींनी विचारलं.

"काही नाही. फक्त एक खोली मोकळी लागते."

"खोल्या सगळ्या मोकळ्याच हायत," मिटकरी म्हणाले.

मिटकरींची सगळी नोकरी सावरगीच्या दालमिलमध्ये गेली. तिथल्या खडखडाटात माणसं एकमेकांच्या कानाला तोंड लावून बोलायची, आणि तेही कामापुरतंच. घरी आलं की महानंदाबाई असायच्या. नवऱ्याला कमी ऐकू येतं अशी त्यांची पक्की समजूत, त्यामुळे त्या साधं बोलणंही अंगणातून हाक मारल्यासारखं बोलायच्या. मिटकरींच्या घरी आज वांगं आहे की दोडका, हे सगळ्या गल्लीला जेवणाआधी कळायचं. मिटकरींना खरं तर चांगलं ऐकू येत होतं. पण तिच्या त्या बोलण्याची त्यांना सवय झाली होती, आणि सवय मोडावी असं त्यांना कधी वाटलं नाही.

आधी मिल सुटली, मग महानंदाबाई गेल्या. त्यानंतर मिटकरींना घरात फक्त स्वतःचा आवाज ऐकू येऊ लागला. भाकरी चावल्याचा, पाणी गिळल्याचा, उठताना गुडघा वाजल्याचा. कुशीवर वळलं तर अंगाखालच्या सतरंजीचा. त्यांनी रेडिओ लावून पाहिला, पण रेडिओवरचा माणूस दुसऱ्याच कुणाशी तरी बोलत असायचा. आपण आपल्याच घरात चोरून कान लावून बसलोय असं त्यांना वाटे.

अशात डोळे तपासायला ते लातूरला गेले आणि परत येताना त्या कंपनीच्या काचेवरचं चित्र पाहून थबकले. चित्रात पाणी कमी आणि धूरच जास्त दिसत होता. ते आत गेले. रेवतीबाईंनी त्यांना खुर्ची दिली, आणि नदीतली होडी, पाणघोडे, हत्तींचे कळप, उघड्या जीपमधून सिंह बघायला जाणं, असं सगळं हौसेनं सांगितलं. मिटकरींनी ते मान हलवत ऐकून घेतलं.

"आवाज कसा असतो तिथं?" शेवटी त्यांनी विचारलं.

"असा, की आपण बोललेलं आपल्यालाच ऐकू येत नाही."

"मग माझी एक जागा धरा."

त्यांचा मुलगा बसवराज हैदराबादला असतो. त्याचा रविवारी फोन येतो. त्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "अप्पा, कपिलधारला चला म्हटलं तर तुम्ही येत नाही, आन् आफ्रिका? धबधबा तर कपिलधारला बी हाय की."

"हाय. पण त्याचा आवाज घरी राहायला येत नाही," मिटकरी म्हणाले.

तर मंगळवारी टेम्पो आला. आवाजाला पेटी, पोतं असं काही नव्हतं. दोन हमालांनी मागचं फळकं पाडलं आणि तो खाली उतरला. गल्लीतली कुत्री उठून उभी राहिली. हमालांनी हातवारे करून विचारलं, कुठं ठेवायचा? मिटकरींनी मधली खोली दाखवली. आवाज आत गेला, तशी मांडणीवरची ताटं थरथरली आणि हळूहळू गप्प झाली.

"पाणी देऊ का तुम्हाला?" मिटकरींनी हमालांना विचारलं.

हमालांना ऐकू गेलं नाही. मिटकरींनाही गेलं नाही. त्यांनी ओठ पुसले आणि तेच पुन्हा विचारलं, या खेपेला जरा हसून.

पाहुणा शांत स्वभावाचा होता, असं म्हणता येणार नाही. पण त्याचा त्रासही नव्हता. सकाळी तो घरभर पसरायचा, दुपारी मधल्या खोलीत खाली बसल्यासारखा व्हायचा. मिटकरी खाटेवर बसून जेवू लागले. घास चावलेला कळत नव्हता, गुडघा वाजलेला कळत नव्हता. चार दिवसांनी त्यांच्या ध्यानात आलं, की आपण बोलतोय. काय बोलतोय ते ऐकू येत नसल्यामुळे त्यांना संकोच राहिला नव्हता. मिलमधल्या जुन्या मुकादमाबद्दल बोलले. बसवराजच्या लग्नात त्याच्याशी धड बोलणं झालं नाही, त्याबद्दल बोलले. महानंदाबाईंच्या शेवटच्या दुखण्यात दवाखान्याच्या पायरीवर बसून जे मनात आलं होतं आणि कुणाला सांगितलं नव्हतं, तेही त्यांनी मधल्या खोलीत बसून मोठ्यानं सांगितलं. आवाजानं सगळं ऐकून घेतलं, किंवा त्याला तेही ऐकू गेलं नसावं. मिटकरींना दोन्ही चालण्यासारखं होतं.

सावरगीत नळाला रोज पाणी येत नाही. त्यामुळे पुढं जे झालं ते होणारच होतं. शेजारच्या इंदुमती बिराजदार घागर घेऊन दारात उभ्या राहिल्या. त्यांच्यामागे हांडे, कळशा, प्लॅस्टिकचे डबे घेऊन अर्धी गल्ली.

"अप्पा!" बिराजदारकाकू ओरडल्या. "पाणी सुटलंय तुमच्याकडं आन् तुम्ही सांगितलं बी नाही!"

मिटकरींनी त्यांना आत नेलं. काकूंनी मोरी पाहिली, मग मधली खोली पाहिली. खाली वाकून फरशीवर तळवा टेकवला आणि तो उलटून निरखला.

"कोरडं हाय," त्या कानाशी येऊन म्हणाल्या.

"नुसता आवाज आलाय. आफ्रिकेतला."

"पाणी मागनं यायचंय का?"

"नाही. मलाच तिकडं जायचंय."

काकूंनी जरा विचार केला. "मग आलोच हाव तर बसू का घडीभर?"

बायका घागरी भिंतीला लावून बसल्या. दुसऱ्या दिवशी घागरी न घेता आल्या, पण मेथीच्या जुड्या आणि निवडायची तूर घेऊन आल्या. दुपारी मधली खोली भरू लागली. बोलता येत नसल्यामुळे कुणी कुणाबद्दल काही बोलत नव्हतं. एका पोरसवदा आईनं आपलं रडकं बाळ तिथं आणून झोपवलं. ज्या सासूसुनेचं भांडण गल्लीला पाठ होतं त्या दोघी एकाच सुपातली तूर निवडत बसल्या. मिटकरी सगळ्यांना चहा देत. घरात इतके कप आहेत हे त्यांना माहीत नव्हतं.

मग नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्याचे पडिलेसाहेब आले. तक्रार आली होती असं नाही. पलीकडच्या गल्लीतले लोकही रांग लावू लागले होते, म्हणून ते पाहणीला आले. त्यांनी रस्त्यावरचा व्हॉल्व्ह बंद केला, आत येऊन ऐकलं. बाहेर जाऊन तो उघडला, पुन्हा येऊन ऐकलं. मग मिटकरींना अंगणात बोलावलं.

"आवाज वाहतोय," ते म्हणाले.

"वाहतोय."

"पाणी नाही."

"नाही."

"म्हणजे ही गळती नाही. बेकायदा जोडणीही नाही." पडिलेसाहेबांनी चष्मा काढून पुसला. "पण मिटकरी, पाणी नसताना पाण्याचा आवाज झाला की लोकांची निराशा होते. ज्या दिवशी नळ येतो त्याच दिवशी आवाज, असं काही करता येईल का?"

"पाहुण्याला कसं सांगायचं साहेब? आल्यापासून त्यानं कधी काही मागितलं नाही."

"तेही खरं," पडिलेसाहेब म्हणाले. त्यांनी मधल्या खोलीच्या खिडकीकडे थोडा वेळ पाहिलं. "रस्त्याकडच्या दाराला जाड गोधडी लावा. आणि बाहेर पाटी लावा, की इथं पाणी नाही, फक्त आवाज आहे. एवढं पुरे." एवढं बोलून ते जायला निघाले, पण फाटकापाशी बूट काढून परत आत आले आणि जेवणाची सुट्टी संपेपर्यंत भिंतीला टेकून बसले. त्यानंतर ते डबा घेऊनच येत.

एकीकडे प्रवासाची तयारी चालली होती. मिटकरींनी लातूरला जाऊन लस टोचून घेतली. बसवराजनं फोनवरून सांगितल्याप्रमाणे सुती पूर्ण बाह्यांचे शर्ट शिवले. धबधब्याचे तुषार अंगावर येतात, रेनकोट घ्या, असं रेवतीबाईंनी बजावलं होतं, म्हणून बाजारपेठेतल्या कोरेंच्या दुकानात गेले. कोरे माळ्यावर चढले आणि बऱ्याच वेळानं एक निळा रेनकोट घेऊन उतरले. त्याच्या घड्या उलगडताना चिकटपट्टी सोलल्यासारखा आवाज आला.

"कुठं पाऊस लागलाय का अप्पा?" कोरेंनी आशेनं विचारलं.

"लागलाय. पण लांब."

रेनकोट घालून मिटकरी मधल्या खोलीत उभे राहिले, टोपीची नाडी हनुवटीखाली बांधली. चारी बाजूंनी पाणी कोसळत होतं आणि अंगावर थेंब नव्हता. बिराजदारकाकूंनी तुरीच्या सुपावरून मान वर करून पाहिलं आणि चांगला दिसतोय अशी खूण केली.

निघायचा दिवस जवळ आला तसं मिटकरींचं जेवणावरचं लक्ष उडालं. रेवतीबाईंचा फोन आला तेव्हा ते बोलायला गल्लीच्या टोकापर्यंत चालत गेले.

"झाली का तयारी काका?"

"झाली. मॅडम, मी नाही गेलो तर?"

"अहो, असं का? तब्येत बरी आहे ना?"

"तब्येत बरी हाय. विचारतोय नुसतं."

"सहल रद्द केली तर आमची माणसं येऊन आवाज घेऊन जातात."

"आन् गेलो तर?"

"तर तुम्ही सोबत नेऊन द्यायचा."

"म्हणजे कसंबी केलं तरी राहत नाही."

रेवतीबाई नियम सांगतानाचा स्वर सोडून म्हणाल्या, "काका, त्याचं घर तिकडं आहे ना."

मिटकरी फोन कानाला लावून उभे होते. समोरून एक बैलगाडी गेली. तिची चाकं, बैलांची घुंगरं, गाडीवानाचं खाकरणं, सगळं वेगवेगळं ऐकू आलं. "एकट्याला टेम्पोत घालून पाठवणं बरं दिसत नाही," ते म्हणाले. "मीच पोचवून येतो."

निघायच्या सकाळी गल्ली जमली. पाहुण्याला रिकाम्या हातानं कसं पाठवायचं, म्हणून बिराजदारकाकूंनी टॉवेल, टोपी आणि नारळ आणला होता. हा आहेर द्यायचा कुणाच्या हातात, हा प्रश्न आला. त्यांनी सगळं खाटेवर मांडलं, हळदकुंकू वाहिलं आणि हात जोडले. टॉवेलाची झालर थरथरली. मग त्यांनी मिटकरींच्या हातावर दही घातलं. पडिलेसाहेब कामावरच्या कपड्यातच आले होते. त्यांनी रस्त्याकडच्या दाराची गोधडी स्वतः काढून घडी घातली.

हैदराबादच्या विमानतळावर बसवराज आला होता. त्यानं सुट्टी काढली होती. आवाज दोघांच्या मधोमध उभा होता, त्यामुळे बोलणं झालं नाही. बसवराजनं वाकून नमस्कार केला, वर येऊन बरंच काही बोलला. त्याचे ओठ हलत होते आणि डोळे लाल झाले होते. मिटकरींनी मान हलवली आणि आपणही काही बोलले. कुणी कुणाला काय सांगितलं हे दोघांनाही कधी कळलं नाही. मग आत जाण्याची वेळ झाली.

विमानात शेजारची जागा आवाजासाठी राखलेली होती. खिडकीची होती. विमान उडताना इंजिनाची घरघर वाढली तसा तो जरा दबला, म्हणून मिटकरींनी त्याच्या खुर्चीच्या हातावर आपला हात ठेवला.

धबधब्यापाशी आवाज परत घेण्यासाठी एक खिडकी होती. तिथं मिसेस मोयो नावाच्या उंच, गणवेशातल्या बाई बसल्या होत्या. सहलीबरोबरचा व्यवस्थापक मध्ये उभा राहून दोघांचं बोलणं एकमेकांना सांगत होता. त्याला ते ओरडून सांगावं लागत होतं.

"काही त्रास झाला का, विचारतायत."

"नाही. सकाळी मोठा असतो, दुपारी जरा बसतो."

"पहिल्यापासून तसाच आहे, म्हणतायत."

"त्यांना सांगा, आमच्याकडं त्याच्या खोलीत बायामाणसं येऊन बसायची. त्याला माणसांची सवय झालीय."

मिसेस मोयो यांनी ते नीट ऐकून घेतलं. इथंही माणसं येतात, त्या म्हणाल्या, पण बसत नाहीत, फोटो काढून जातात. आपण लक्ष ठेवू. मिटकरींनी पिशवीतून टॉवेल, टोपी आणि नारळ काढून खिडकीत ठेवला. हे त्याचं आहे, म्हणाले. मिसेस मोयो यांनी दोन्ही हातांनी ते घेतलं आणि मागच्या फळीवर लावून ठेवलं. मग त्यांनी खिडकीशेजारच्या फाटकाची कडी काढली.

आवाज गेला. जाताना तो रेंगाळला नाही, आणि मिटकरींनीही तशी अपेक्षा धरली नव्हती. धबधबा तेवढ्यानं वाढला, पण काठावरच्या माणसांना ते कळलं नाही. मिटकरींनी रेनकोट घातला आणि कड्यालगतच्या वाटेनं या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले. जागोजागी थांबून त्यांनी कान दिला. पाणी एवढं पडत होतं की त्यांनी जन्मभर वापरलेलं सगळं पाणी त्यात दिसलं नसतं. त्यात आपला आवाज कुठला, ते त्यांना ओळखू आलं नाही.

पुढचे दिवस ठरल्याप्रमाणे पार पडले. हत्ती दिसले, पाणघोडे दिसले. सिंह झाडाखाली झोपलेला होता. मिटकरींनी प्रत्येक प्राण्याकडे जीप हलेपर्यंत पाहिलं, आणि कुणी विचारलं तर छान आहे म्हणाले.

सावरगीला परत आल्यावर त्यांना घर काहीतरी वेगळं वाटलं. मधल्या खोलीत आवाज नव्हता, हे ठीकच होतं. पण दुसरंही काही नव्हतं. ते खोलीत जात आणि काय घ्यायला आलो ते विसरल्यासारखे बाहेर येत. बायका तूर घेऊन आल्या, सिंह कसा होता वगैरे विचारलं, पण त्यांनाही बसवेना. भिंती उभ्या राहिल्यात पण घर अजून झालं नाही, अशा जागी बसल्यासारखं वाटतंय, असं बिराजदारकाकू म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी कुणी आलं नाही. पडिलेसाहेबांनी फाटकातूनच हात केला.

त्याच आठवड्यात रेवतीबाईंचा फोन आला. सहल आवडली का, हे त्यांनी विचारलं. मग म्हणाल्या, "काका, तुमची शांतता आमच्याकडं पडून आहे. ती कधी पाठवू?"

"माझी कसली शांतता?"

"घरातली. आवाज उतरवला त्याच दिवशी आमच्या माणसांनी ती टेम्पोत भरून आणली होती. एका खोलीत दोन्ही राहत नाहीत ना. तुमच्या लक्षात नाही आलं?"

"त्या गडबडीत कुणाच्या लक्षात येणार," मिटकरी म्हणाले. "मॅडम, राहू द्या की तुमच्याकडंच."

"ठेवली असती काका. पण ऑफिसात मागच्या बाजूला ठेवलीय, तर आमच्या मुली एकमेकींशी बोलेनाशा झाल्यात. गिऱ्हाईक आत येतं, चित्रं बघतं आणि काही न विचारता निघून जातं. इतर लोकांच्याही असतात आमच्याकडं, पण त्या लहान असतात, कपाटात मावतात. तुमच्या एवढी आजवर कुणाची आली नव्हती."

मिटकरींनी खिडकीतून बाहेर पाहिलं. "पाठवा मग. मी घरीच असतो."

टेम्पो आला. तेच दोघे हमाल होते. या खेपेला त्यांना बराच जोर लावावा लागला. एकानं पुढून, एकानं मागून धरून त्यांनी ती उंबऱ्यावरून आत घेतली. दारातून नेताना एक बाजू चौकटीला घासली, तरी काही ऐकू आलं नाही. पलीकडच्या अंगणातून बिराजदारकाकूंनी मान उंचावून विचारलं, "काय आलं अप्पा?"

"माझंच हाय. ठेवायला दिलं होतं."

"कुठं ठेवू?" पुढच्या हमालानं कपाळ पुसत विचारलं.

"सोडा तिथंच. तिला तिची जागा माहीत हाय."

त्यांनी सोडली. ती मधल्या खोलीत गेली, तिथून स्वयंपाकघरात, मग देवळीपर्यंत, आणि हळूहळू घरभर टेकली. थोडी वाढल्यासारखी वाटत होती. मिटकरींनी हमालांना बसा म्हटलं आणि चहा ठेवला. तिघांनी मधल्या खोलीत बसून तो प्यायला. हमालांपैकी एकाला काही सांगायचं होतं, पण त्यानं तोंड उघडलं आणि मग राहू दिलं. चहा संपल्यावर त्यानं कप बशीत ठेवला, आणि ठेवला गेला की नाही हे बघायला त्याला खाली वाकावं लागलं.